आयुक्त महोदय, खिडकीचाही हिशेब मागा

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,



मुंबईच्या उपनगरांत उभ्या राहणाऱ्या मोठ्या इमारतींच्या खिडक्यांबद्दल हे पत्र आहे. रस्ते, नाले, कचरा, पाणी यांविषयी आपल्याकडे रोज तक्रारी येत असतील. खिडकीविषयी सहसा कोणी लिहीत नाही, कारण ती ज्याची त्याची खासगी बाब समजली जाते. पण अंधेरीच्या एखाद्या कार्यालयात खिडकीतून शिरलेले ऊन दुपारी वीज होऊन मोजले जाते, आउटडोअर युनिटमधून शेजारच्या गल्लीत ओतले जाते आणि शेवटी सगळ्या शहराच्या वीजमागणीत मिळते. ती खिडकी कागदावर असताना तिला प्रश्न विचारू शकणारे मुख्य कार्यालय म्हणजे आपला इमारत प्रस्ताव विभाग. म्हणून पत्र आपल्याला.

मी मुलुंडचा रहिवासी. नोकरीची वर्षे वातानुकूलनाचा भार मोजण्यात गेली. आमच्या टेबलावर नकाशे यायचे तेव्हा इमारतीची दिशा ठरलेली असायची, काच ठरलेली असायची, दर्शनी भागाचे रंगीत चित्र ब्रोशरमध्ये छापून झालेले असायचे. आम्हाला एवढेच विचारले जाई, किती टन? आम्ही आकडा सांगायचा आणि तेवढी यंत्रे मांडायला गच्चीवर जागा मागायची. तो आकडा कमी कसा होईल, असे विचारणारा क्वचित भेटला.

आपण उपनगरांचा नकाशा समोर घ्या. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत हा सगळा उत्तर-दक्षिण पसरलेला पट्टा आहे. रेल्वे तशी धावते, म्हणून रस्ते तसे झाले. स्वामी विवेकानंद मार्ग, लिंक रोड, पश्चिम द्रुतगती महामार्ग, लालबहादूर शास्त्री मार्ग, पूर्व द्रुतगती महामार्ग. थोडेफार तिरके असतील, पण सगळे उभे. उभ्या रस्त्यावरच्या इमारतीचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला येते. आणि काच बसते ती तोंडावर. मागच्या आणि बाजूच्या भिंतींना साध्या खिडक्या चालतात, रस्त्याकडून मात्र जमिनीपासून गच्चीपर्यंत काच हवी असते. अंधेरी-कुर्ला रस्त्यासारखे आडवे रस्ते उपनगरांत मोजकेच, तिथल्या इमारतींचे नशीब जरा बरे. मेट्रो ७ ने दुपारी चारच्या पुढे गुंदवलीहून बोरिवलीकडे जाताना उजव्या हाताला पाहा. महामार्गाच्या पूर्वेकडच्या इमारतींच्या सगळ्या दर्शनी काचा पश्चिमेचे ऊन अंगावर घेत उभ्या असतात. बऱ्याच खिडक्यांना आतून पडदे ओढलेले असतात, आणि पडद्यांच्या कडेने आतले दिवे लागलेले दिसतात. एका हाताने ऊन विकत घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने उजेड, असा हा व्यवहार.

राहत्या इमारतींचेही तेच, फक्त तिथे रस्त्याऐवजी ‘व्ह्यू’ येतो. बोरिवली पूर्वेला घर राष्ट्रीय उद्यानाकडे तोंड करून विकले जाते. मुलुंडला तेच डोंगर पश्चिमेला आहेत, त्यामुळे आमच्याकडचा महागडा ‘हिल व्ह्यू’ म्हणजे मावळतीच्या उन्हासमोरची खोली. अंधेरी-वर्सोव्याचा ‘सी व्ह्यू’ही पश्चिमेचाच. वाराही आपल्याकडे पश्चिमेकडून येतो. तेव्हा पुष्कळ ठिकाणी वारा, देखावा आणि सर्वांत जाचक ऊन ही तिन्ही एकाच बाजूने येतात, आणि मुंबईत इमारत बांधणाऱ्याला या पेचातून सहज सुटका नाही. पूर्वी हा पेच लोक सोडवत असत. त्याकडे पुढे येतो.

पूर्व-पश्चिम एवढी वाईट का, हे थोडक्यात सांगायला हवे, कारण ‘छज्जा दिला आहे’ हे उत्तर आपल्या विभागात पुष्कळदा ऐकू येत असणार. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य ऐन माध्यान्ही आपल्या डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. डिसेंबरातही माध्यान्हीचा सूर्य ४७ अंशांच्या वर असतो. तिथे दोन फुटांचा छज्जा दोन फुटांहून थोडी जास्त सावली देतो, ऑक्टोबरच्या मध्याला साडेतीन फुटांच्या पुढे. दक्षिणेला छज्जा पुरतो. पण एप्रिलच्या मध्यात, घड्याळात पावणेपाचच्या सुमारास, सूर्य बरोबर पश्चिमेला आणि जेमतेम ३१-३२ अंश वर असतो. तोच दोन फुटी छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर सव्वा फूट सावली टाकतो. पाच फुटी खिडकीचा तीन चतुर्थांश भाग उन्हातच राहतो. सूर्य जसा खाली येईल तसा छज्जा आणखी निरुपयोगी.

यात घड्याळाची भर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आपण ७३ अंशांच्या जरा अलीकडे. एकेकाळी मुंबईचे स्वतःचे ‘बॉम्बे टाइम’ होते, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. प्रमाणवेळेपेक्षा ते ३९ मिनिटांनी मागे चालत असे. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा वर्षाचा बराच काळ मुंबईच्या सूर्याचे अजून साडेअकराही वाजलेले नसतात. दहा ते साडेसहा चालणाऱ्या कार्यालयाच्या वाट्याला सकाळचे ऊन कमी आणि पश्चिमेचे जास्त येते. त्या वेळेपर्यंत भिंती, गच्च्या, रस्तेही तापलेले असतात, आणि शहराची विजेची मागणी दुपारीच चढते. उन्हाळ्यात ती आता ४,००० मेगावॅटच्या पुढे जाते.

आता आकड्यांत. काचेवर पडलेल्या उन्हातले किती आत शिरते याला या धंद्यात एसएचजीसी म्हणतात. साध्या ६ मिलिमीटर पारदर्शक काचेसाठी तो सुमारे ०.८२ असतो, म्हणजे शंभरातले ब्याऐंशी आत. चांगल्या सौर-नियंत्रक लेपाच्या दुहेरी काचेत तो ०.२५ च्या आसपास आणता येतो. स्वच्छ दुपारी पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरले, तर ६० मीटर लांब आणि ३ मीटर उंच काचेच्या एका मजल्यात साध्या काचेतून ८८ किलोवॅटहून अधिक उष्णता येते. एक टन वातानुकूलन म्हणजे साडेतीन किलोवॅट. हे पंचवीस टन झाले, केवळ एका मजल्याच्या एका बाजूचे. माणसे, संगणक, दिवे, ताजी हवा अजून मोजलेलीच नाहीत. एसएचजीसी ०.२७ असेल तर हेच काम आठ-साडेआठ टनांत होते.

बाजारात याच जागी गफलत होते. ‘आम्ही डबल ग्लास लावली आहे’ असे विकासक अभिमानाने सांगतात आणि घेणाऱ्याला ते पटते. दुहेरी काच मुख्यतः थंड देशांत आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून आली. आपल्याकडे बाहेर ३४ अंश आणि आत २४ अंश, फरक दहाच अंशांचा. एकेरी काचेतून त्या फरकाने येणारी उष्णता दर चौरस मीटरला सत्तावन्न-अठ्ठावन्न वॅट, आणि त्याच काचेतून थेट उन्हाची जवळपास ४९०. चोर पुढच्या दाराने येतोय आणि आपण मागच्या दाराला दुसरे कुलूप लावतोय. दोन्ही काचा साध्याच असतील तर एसएचजीसी ०.७० च्या आसपास राहतो, म्हणजे ४२० वॅट आतच. दुहेरी काचेचा उपयोग नाही असे नाही; पण लेप कोणता आणि अंक किती, हे विचारल्याशिवाय ‘डबल’ या शब्दाला काही किंमत नाही.

काळपट काच ही दुसरी पळवाट. ती उजेड जितका अडवते तितके ऊन अडवत नाही, आणि स्वतः तापून आतल्या माणसाच्या पाठीवर उष्णता टाकत राहते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते. त्या चार महिन्यांत काळी काच म्हणजे दिवसाढवळ्या ट्यूबलाइट. सूर्यप्रकाशातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. चांगला लेप ती परतवतो आणि उजेड येऊ देतो. म्हणून दोन अंक विचारावे लागतात, ऊन किती आणि उजेड किती. या दुसऱ्या अंकाला व्हीएलटी म्हणतात.

आरशासारखी काच ऊन परतवते हे खरे, पण ते जाते कुठे? समोरच्या चाळीत, रस्त्यावर, बसथांब्यावर. लंडनमध्ये २०१३ साली फेनचर्च स्ट्रीटवरच्या एका अंतर्वक्र काचेच्या इमारतीने परावर्तित केलेल्या उन्हात खाली उभ्या मोटारीचे भाग वितळले, आणि पुढच्या वर्षी त्या इमारतीला बाहेरून उन्हाचे आडोसे बसवावे लागले. सिंगापूरने दर्शनी काचेच्या परावर्तनावर मर्यादा घातली आहे. आपल्याकडे साकीनाका सोडून मेट्रो असल्फ्याच्या टेकडीजवळ येते तेव्हा पत्र्याखाली राहणारी वस्ती आणि काचेच्या इमारती एकाच नजरेत येतात. एका बाजूची परतवलेली झळ आणि एसीची फेकलेली गरम हवा दुसऱ्या बाजूला जाते, आणि ज्याच्याकडे जाते त्याच्याकडे एसी नसतो.

आतले पडदे आणि ब्लाइंड यांच्याबद्दल एकच वाक्य: ऊन काच ओलांडून पडद्यावर पडले म्हणजे ते खोलीत आलेच, पडदा तापतो आणि ती उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही. अडवायचे तर काचेच्या बाहेर.

हे आपल्याकडच्या जुन्या बांधकामांना ठाऊक होते. चाळीच्या पुढच्या गॅलरीने खोलीची भिंत चार-पाच फूट आत ढकलली होती. ऊन गॅलरीत थांबायचे, वारा आत यायचा. पार्ल्या-अंधेरीच्या जुन्या बंगल्यांना व्हरांडे होते आणि खिडक्यांना लाकडी तिरक्या पट्ट्यांच्या झडपा. पट्ट्यांतून वारा यायचा, नजर आणि ऊन नाही. उंच इमारतीत हे जमत नाही असे म्हणणाऱ्याने कंबाला हिलवर जाऊन चार्ल्स कोरियांची कांचनजंगा पाहावी. १९७० ते १९८३ या काळात ती झाली. वारा आणि देखावा पूर्व-पश्चिमेला, ऊन आणि पाऊसही तिथूनच, नेमका आपल्या उपनगरांचा पेच. कोरियांनी इमारतीचे कोपरे पोखरून दोन-दोन मजली उंच गच्च्या काढल्या आणि राहत्या खोल्या त्यांच्या मागे ठेवल्या. ती श्रीमंतांची इमारत आहे, मान्य. पण तिचे तत्त्व चाळीचेच आहे. पवईच्या आयआयटीतले जुने लांब व्हरांडे तर सरकारी पैशातून बांधलेले आहेत.

मग हे सगळे गेले कुठे? इथे, महोदय, आपल्या विभागाचाही हात आहे, आणि तो चांगल्या हेतूने लागला. बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे यांना एफएसआयमधून, म्हणजे बांधकामाच्या मोजल्या जाणाऱ्या क्षेत्रातून, सूट होती. त्या सुटीचा पुरता बाजार झाला. फ्लॉवर बेडमध्ये एकही रोप न लावता ते खोलीत सामावून घेतले गेले, बाल्कन्या बंद करून हॉल वाढवले गेले. जानेवारी २०१२ च्या दुरुस्तीने ही क्षेत्रे एफएसआयमध्ये मोजली जाऊ लागली आणि बदल्यात हवा तसा वापरता येणारा फंजिबल एफएसआय आला. गैरप्रकार थांबवणे गरजेचेच होते. पण त्याबरोबर इमारतीच्या दर्शनी भागाची खोलीही गेली. सावलीसाठी दिलेला प्रत्येक फूट जर विकण्याच्या क्षेत्रातून वजा होणार असेल, तर तो कोण देईल? भिंत सपाट झाली, काच भिंतीच्या टोकाशी आली आणि व्हरांड्याच्या जागी स्प्लिट एसीचे आउटडोअर युनिट लटकले.

माझे म्हणणे असे की सूट क्षेत्राला देऊ नका, सावलीला द्या. उभे फिन, तिरक्या पट्ट्यांचे लूव्हर, जाळीचे पडदे यांना खाली जमीन नसते. ज्याला जमीन नाही त्याची खोली करता येत नाही. अशा जमीन नसलेल्या, कायमच्या बाहेरच्या आडोशांना ठरावीक रुंदीपर्यंत एफएसआयमधून आणि मोकळ्या जागेच्या हिशेबातून स्पष्ट शब्दांत वगळा, आणि पूर्व-पश्चिम दिशांना ही रुंदी जास्त द्या. आज जिथे अशी सूट मिळते तिथेही ती फायलीतल्या शेऱ्यावर अवलंबून नसावी, तक्त्यात छापलेली असावी. दिशा पाहून सूट ठरवणे हा आपल्या नियमावलीला जरा नवा विचार वाटेल, पण सूर्य सगळ्या भिंतींना सारखे वागवत नाही.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. बाहेर लटकवलेली वस्तू पडली तर? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या शहराच्या अगदी जवळून गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली, ते त्या वॉर्डातले कोणी विसरलेले नाही. तेव्हा आडोशाचे आराखडे वाऱ्याच्या दाबाचा हिशेब करून, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनेच यावेत आणि ठरावीक वर्षांनी तपासले जावेत. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, तिथे ॲल्युमिनियम किंवा काँक्रीट लागेल. कबुतरांचा आक्षेपही खरा आहे, आणि कबुतरांवरून या शहरात काय रण माजते ते आपल्याला सांगायला नको. आडव्या सपाट पट्ट्यांऐवजी उभ्या किंवा तिरक्या ठेवल्या की त्यांची बसायची सोय बरीच कमी होते. खर्चाचा आक्षेप मात्र मला फारसा पटत नाही. पंचवीस टनांऐवजी साडेआठ टन लागणार असतील, तर यंत्रे, पाइप, केबल, गच्चीवरची जागा सगळेच कमी होते. अडचण वेगळीच आहे: काच बसवतो एक आणि बिल भरतो दुसरा. विकासक इमारत विकून निघून जातो, भाडेकरू पुढची कित्येक वर्षे अदानी, टाटा किंवा आमच्याकडे महावितरणला पैसे मोजत राहतो. ज्याच्या खिशाला झळ नाही त्याच्यावर नियमानेच जबाबदारी टाकावी लागते.

नियम आहे. केंद्राच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने (ईसीबीसी, २०१७) उष्ण-दमट हवामानातल्या मोठ्या व्यापारी इमारतींना उत्तर सोडून इतर दिशांना एसएचजीसी ०.२७ ची मर्यादा घातली आहे, उत्तरेला ०.५० ची. सरळ मार्गाने जायचे तर काच भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि उजेडही किमान ०.२७ यायला हवा. बाहेर आडोसा दिला तर त्याचा फायदा हिशेबात मिळतो. राहत्या इमारतींसाठी २०१८ ची इको निवास संहिता आहे. तिच्यात छप्पर सोडून बाहेरच्या आवरणातून येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे आणि तिचा विचार ५०० चौरस मीटर व त्यापुढच्या भूखंडांसाठी केलेला आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याची व्याप्ती राहत्या इमारतींपर्यंत नेली. आपल्याहून पुष्कळ आधी, १९७९ सालीच, सिंगापूरने आवरणातून येणाऱ्या उष्णतेला आकड्यात बांधले होते, आणि तिथले हवामान आपल्यासारखेच दमट आहे.

पण दिल्लीतल्या संहितेला राज्याच्या अधिसूचनेचे एक दार आणि पालिकेच्या परवानगीचे दुसरे दार ओलांडावे लागते. पहिले दार नगरविकास आणि ऊर्जा खात्याचे. त्यांच्याशी बोलणे आपल्यालाच सोपे. दुसरे दार पूर्णपणे आपले. मोटारीच्या काचेचे पाहा. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड गेला पाहिजे, हा नियम आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्मवर बंदी घातली, आणि तेव्हापासून चौकातला पोलीस काचेवर बोट ठेवून दंड करू शकतो. चार माणसांच्या गाडीची काच तपासणारा माणूस आहे. चार हजार माणसांच्या इमारतीची काच तपासायला कोण येतो?

म्हणून माझी पहिली मागणी कागदाची आहे. आयओडीसाठी, म्हणजे बांधकामाच्या पहिल्या मंजुरीसाठी, येणाऱ्या प्रस्तावात खिडक्यांचा तक्ता सक्तीचा करा: कोणत्या दिशेला किती चौरस मीटर काच, तिचा एसएचजीसी किती, उजेडाचा अंक किती, बाहेर आडोसा कोणता. आपली छाननी आता संगणकावर चालते; दिशा आणि क्षेत्रफळ नकाशातच असते, चार रकाने वाढवणे अवघड नाही. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) देताना काच पुरवठादाराचे प्रमाणपत्र तपासा आणि काही काचा प्रत्यक्ष मोजा, कारण नकाशात एक काच आणि भिंतीला दुसरी, हे साइटवर होते. आणि हा तक्ता लोकांना पाहता येईल असा ठेवा. उपनगरांत आज पुनर्विकास जोरात आहे. पंतनगरपासून डी. एन. नगरपर्यंत सोसायट्यांच्या सभांमध्ये कारपेट, कॉर्पस, भाडे, पार्किंग यांवर रात्री बारापर्यंत भांडणे होतात. नव्या बेडरूमची खिडकी कुठे बघते आणि काच कोणती, हे कोणी विचारत नाही, कारण विचारायला आकडाच समोर नसतो. तक्ता समोर आला की सभासद विचारतील. आमच्याकडचे सभासद सगळे विचारतात.

दुसरी मागणी अग्निशमन दलाची आठवण ठेवून करतो. १८ जुलै २०१४ ला अंधेरी पश्चिमेच्या एका काचेच्या उंच व्यापारी इमारतीला आग लागली, धूर बाहेर पडायला वाट मिळेना, आणि आपल्या दलाचा एक जवान गेला. काच आणि बाहेरचा आडोसा यांचे नियम करताना उघडणाऱ्या खिडक्या आणि शिडीची वाट यांचा विचार वेगळ्या फायलीत नको. एकाच नकाशावर दोन्ही तपासले जावेत. उघडणारी खिडकी असली की डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी एसी बंदही ठेवता येतो, हा वरचा लाभ.

तिसरी मागणी आपल्या स्वतःच्या इमारतींची. राजावाडी, कूपर, भगवती, मुलुंडचे अगरवाल ही आपली रुग्णालये. वॉर्ड कार्यालये आणि शाळाही आपल्याच. यापुढे पालिकेची जी इमारत नव्याने बांधली जाईल किंवा मोठ्या दुरुस्तीला निघेल, तिच्या निविदेत पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून आडोसा ही अट घाला. जनरल वॉर्डमध्ये एसी नसतो. खिडकीपाशी खाट मिळालेला रुग्ण दुपारी काय सोसतो हे परिचारिकांना विचारा. जुन्या इमारतींत काच बदलणे महाग पडेल, पण बाहेरून जाळीचा किंवा पट्ट्यांचा आडोसा काच न बदलता लावता येतो. पालिकेने स्वतः करून दाखवल्यावर विकासकाला ‘हे व्यवहार्य नाही’ म्हणायला जागा उरणार नाही.

मार्च २०२२ मध्ये पालिकेने मुंबई वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. शहराच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा विजेचा आणि इमारतींतल्या ऊर्जेचा आहे, असे तोच आराखडा सांगतो. एसी चांगल्या तारांकनाचे घ्या, दिवे एलईडीचे लावा, हे सगळे नंतरही करता येते. यंत्र दहा-पंधरा वर्षांत बदलतेच. इमारतीचे तोंड आणि तिच्या भिंतीतल्या काचेचे प्रमाण बदलत नाही. आज ज्या टॉवरला आयओडी मिळेल तो २०५० सालीही त्याच जागी, त्याच काचेने पश्चिमेकडे बघत उभा असेल.

तेव्हा विनंती एवढीच की नियमावलीच्या मोठ्या फेरबदलाची वाट पाहू नये. खिडक्यांचा तक्ता परिपत्रकाने सुरू करता येण्यासारखा आहे. तो के पश्चिम, आर मध्य, एन आणि टी या चार वॉर्डांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड इथे, येत्या उन्हाळ्याआधी सुरू करावा आणि वर्षभरात आलेले आकडे जाहीर करावेत.

आपला नम्र,
मुलुंडचा एक रहिवासी